अभ्यासिकेचं नेट

शनिवारी रात्री साडेदहाला दारावर थाप पडली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा होता. "काकू, खाली अभ्यासिकेत नेट नाहीये. माझा फॉर्म अर्धाच भरून झालाय, उद्या शेवटची तारीख." त्याला आमच्या हॉलमध्ये बसवलं, घरचं वायफाय दिलं. ते नीट चालू होतं. अकराच्या सुमारास त्याची फी भरली गेली, पावती उतरली आणि तो खाली गेला. नेट गेलं होतं माझ्यामुळेच. दहा वाजता मी राउटर अपग्रेड केला होता.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमची जुनी म्हाडाची इमारत आहे. तळमजल्यावर मंडळाची एक खोली आहे, तिथे संध्याकाळपासून रात्री बारापर्यंत दहा-बारा मुलं बसतात. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा. घरी एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, मग बिचारी करतील काय? त्यांच्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना राउटर आणला. वरचा माझा टीपी-लिंकचा आर्चर सी७, खालचा दुसऱ्याच कंपनीचा. दोघांवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि मेशने, म्हणजे केबलशिवाय वायफायवरूनच, एकमेकांना जोडले. जिन्यातून केबल ओढायला सोसायटीची परवानगी लागली असती, ती झंझट वाचली.

ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आत बसलेलं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालणारं. नावातलं डब्ल्यूआरटी आलं लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे (वापरून विकाल तर कोडही द्या, असं सांगणाऱ्या) कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ पासून हा प्रकल्प उभा राहिला. एकेक जण आपापल्या वेळातून हे जपतो, म्हणून आज दोन वेगळ्या कंपन्यांचे जुने डबे एकमेकांशी बोलतात. मला याचं फार अप्रूप आहे.

तर, अपग्रेड. २२.०३ वरून २३.०५ वर गेले. "सेटिंग्ज ठेवा" वर टिक होती. राउटर उठला, घरचं वायफाय आलं, फक्त मेश आली नाही. इथे लॉग, म्हणजे राउटरची नोंदवही, उघडून बघायचा, इतकं साधं होतं. पण रात्र झाली होती, खाली मुलं ताटकळली होती, आणि मी घाई केली. रीसेटचं बटण दाबून धरलं.

आता तर घरचंही नेट गेलं! केबल लावून राउटरमध्ये शिरता येत होतं, वायफायही सुरू केलं (ओपनडब्ल्यूआरटी कोरं असताना ते मुद्दाम बंदच असतं), पण बाहेर काही जाईना. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मोडला असेल तर नवा घे, झोप आता."

मोडला नाही याची मला खात्री होती, कारण याच राउटरला मी यापेक्षा वाईट अवस्थेतून बाहेर काढलंय. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. लॉकडाऊनचे दिवस, घरून काम. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, ती नेमकी मी फर्मवेअर लिहायला लावलं होतं तेव्हाच. वीज आल्यावर राउटरचा एकच दिवा लुकलुकत राहिला. पण राउटरला सुरू करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, त्याला अपग्रेड हात लावत नाही, तो शाबूत असतो. बूटलोडर ज्या पत्त्यावर फाइल मागतो तो, १९२.१६८.०.६६, लॅपटॉपला दिला, टीएफटीपी हा फाइल पाठवणारा साधा सर्व्हर सुरू केला, फाइलला राउटर मागतो तेच नाव दिलं आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू केला. तीनदा काहीच झालं नाही. राउटर बंद असला की लॅपटॉपच्या पोर्टलाही लिंक नसते, आणि लॅपटॉप पत्ता घेऊन तयार होईपर्यंत राउटरची मागणी करून झालेली असते. मधे नेटवर्कचा एक साधा स्विच ठेवला, लॅपटॉपची लिंक टिकून राहिली, आणि चौथ्या वेळी फाइल गेली. तेव्हापासून तो पाच पोर्टचा स्विच मी कपाटात जपून ठेवलाय.

मग शनिवारी नेट का येईना? राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला: १९२.१६८.१.४. आणि राउटरचा स्वतःचा घरातला पत्ता रीसेटनंतर झाला होता १९२.१६८.१.१. फायबरवाल्याच्या डब्याचाही पत्ता तोच! आत आणि बाहेर एकच गल्ली, मग राउटरने पत्र कुठे टाकायचं? म्हणूनच मी पूर्वी घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ केला होता. का केला होता, ते मात्र विसरले होते.

बॅकअप परत चढवला. घरचं नेट आलं, मेश पुन्हा नाही. इतकं झाल्यावर शेवटी लॉग वाचला, आणि मेश सुरू करताना डब्ल्यूपॅड, म्हणजे वायफायचे पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, तक्रार करत होतं. पासवर्ड असलेली मेश चालवायला डब्ल्यूपॅडचं मेशवालं पॅकेज लागतं. नव्या फर्मवेअरबरोबर येतं ते बेसिक. अपग्रेड सेटिंग्ज सांभाळतं, आपण वरून टाकलेली पॅकेजेस सांभाळत नाही. बॅकअपमध्येही सेटिंग्जच असतात. म्हणजे मेशची सगळी माहिती जिथल्या तिथे होती, ती चालवणारंच कोणी नव्हतं.

एक सांभाळायचं: बेसिक काढलं की वायफाय त्याच क्षणी पडतं. म्हणून केबलवर बसून आधी मेशचं पॅकेज राउटरवर उतरवून घ्यायचं, मग बेसिक काढायचं, मग उतरवलेलं बसवायचं. नाहीतर वायफायवरून बसलेला माणूस अर्ध्यात अडकतो. अटेंडेड सिसअपग्रेड नावाची सोय आहे, ती तुमच्या पॅकेजेससकट फर्मवेअर बनवून देते. पुढच्या वेळी तेच वापरणार आहे.

पावणेएकला चपला घालून खाली गेले. अभ्यासिकेला कुलूप लागलं होतं, पण दाराबाहेर उभी राहून मोबाइल बघितला तर सिग्नल पूर्ण होता आणि पान लगेच उघडलं.

राउटरच्या वरच्या फळीला आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. त्यावर पॅकेजची नावं, मेशचा चॅनल (दोन्हीकडे तोच, ऑटो नको), आणि खाली ठळक अक्षरात: घरचा पत्ता ५०, कारण फायबरचा डबा १ वर आहे.