कोणते वाक्य कोणत्या चॅनलवर आले

दक्षिण कॅलिफोर्नियातील एका स्थानिक वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर मी काम करते. आमच्या मेजावरचे स्कॅनर अहोरात्र चालू असतात आणि पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांचे बिनतारी संभाषण ऐकून कॅमेरा पथक कुठे धाडायचे हे ठरवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. भारतातून आलेल्यांना याचेच आधी नवल वाटते. पण कूटबद्ध न केलेले असे संभाषण ऐकण्याची मुभा अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्यातच आहे.

मुभा असली तरी ऐकू येणे वेगळे आणि कळणे वेगळे. वणव्याची वर्दी डिस्पॅच, म्हणजे गाड्या रवाना करणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या, चॅनलवर येते. कोणत्या गाड्या निघायच्या हे सांगताना ऑपरेटर त्याच दमात त्या आगीसाठी कमांड (मोहीम चालवणाऱ्यांसाठी), टॅक्टिकल (आगीशी प्रत्यक्ष लढणाऱ्यांसाठी) आणि एअर-टू-ग्राउंड (विमान आणि जमीन यांच्यातले) अशी तीन चॅनल नेमून देतो, आणि ती तेव्हाच कागदावर उतरवून घेतली नाहीत तर पुढे काहीही हाती लागत नाही, कारण गाड्या जागेवर पोचल्या की डिस्पॅच चॅनलवर त्या आगीबद्दल जवळजवळ काहीच बोलले जात नाही. कमांडचे बोलणे डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरमधून, म्हणजे संदेश पकडून पुन्हा जोराने पाठवणाऱ्या यंत्रातून, लांबवर जाते. एकाच फ्रिक्वेन्सीवर निरनिराळ्या डोंगरांवर रिपीटर असतात आणि त्यांतला कोणता जागा करायचा हे आवाजाखाली पाठवलेल्या, बोलताना कानाला न जाणवणाऱ्या टोनवर, म्हणजे ठरावीक कंपनांच्या सुरावर, ठरते. ‘टोन सात’, म्हणजे १६७.९ हर्ट्‌झ, असे कुणी म्हणाले की आग साधारण कोणत्या डोंगराच्या बाजूला आहे हे मला नकाशा उघडण्याआधी समजते, आणि या गोष्टीचा मला अभिमान आहे. टॅक्टिकल चॅनलला मात्र बहुधा रिपीटर नसतो. तिथे एका हातातल्या संचाकडून दुसऱ्या हातातल्या संचाकडे थेट बोलले जाते आणि मध्ये टेकडी आली की आवाज तुटतो. आग प्रत्यक्ष जिथे लढली जाते ते चॅनल आम्हाला वार्ताकक्षात बसून सहसा ऐकूच येत नाही.

सँटा ॲना वारे, म्हणजे वाळवंटाकडून येणारे कोरडे जोरदार वारे, वाहत असलेल्या एका दुपारी अशीच एका घळीतून वर्दी आली. थोड्या वेळाने डिस्पॅच शांत झाले तेव्हा आमचा निर्माता म्हणाला, “विझली वाटतं.” ही समजूत मी वर्षानुवर्षे खोडत आले आहे, कारण वार्ताकक्षात स्कॅनरकडे पार्श्वसंगीतासारखे पाहिले जाते आणि कोणते चॅनल का गप्प आहे हे शिकून घ्यायला कुणाला सवड नसते. मी १५१.२२० मेगाहर्ट्‌झ लावले. राज्याच्या अग्निशमन खात्याचे, कॅल फायरचे, हे एअर-टू-ग्राउंड चॅनल आहे. आगीवर घिरट्या घालणाऱ्या ओव्ही-१० विमानात बसलेला अधिकारी, ज्याला ‘एअर अटॅक’ म्हणतात, त्यावरून खालच्यांशी बोलतो. विमान उंचावर असल्यामुळे त्याचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येतो. खालचा माणूस काय उत्तर देतो ते येत नाही. म्हणजे आम्ही अर्धेच संभाषण ऐकत असतो आणि उरलेले अर्धे त्याने दुजोऱ्यासाठी परत उच्चारलेल्या शब्दांवरून जुळवतो.

विमानातला अधिकारी म्हणाला, “कळलं, पूर्वेकडच्या रस्त्यावरची घरं रिकामी करायची. आगीची धार तिकडेच वळते आहे.”

निर्मात्याला ते तत्काळ पडद्यावर हवे होते: वस्ती रिकामी करण्याचे आदेश. मी अडवले. ते वाक्य आदेश नव्हते. जमिनीवरच्या कुणीतरी घरे हलवावीत असे म्हटले होते आणि वरच्याने ते ऐकल्याचे कळवले होते. त्यानंतर घटनाप्रमुखाने, म्हणजे आगीवरच्या मोहिमेच्या प्रमुखाने, कमांडवरून मागणी करायची, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, खात्याने ती मान्य करायची, कोणता रस्ता लोकांसाठी आणि कोणता वर येणाऱ्या बंबांसाठी हे ठरवायचे, मग सूचना निघायची. कॅलिफोर्नियात आदेश काढण्याचा अधिकार पोलीस यंत्रणेकडे, त्या भागात शेरीफकडे, आहे. अरुंद घाटरस्त्यावर खाली पळणाऱ्या मोटारी आणि वर चढणारे बंब समोरासमोर आले तर काय होईल हे मला वेगळे सांगायला नको. आम्ही ‘आग पूर्वेच्या वस्तीच्या दिशेने सरकत आहे, विमानातून पाहणी सुरू आहे’ एवढेच दाखवले.

काही मिनिटांत कमांडवर घटनाप्रमुखाची मागणी स्पष्ट ऐकू आली. तिथून पुढे आम्ही बहिरे झालो. त्या काउंटीत शेरीफचे सगळे टॉकग्रुप, म्हणजे रेडिओवरचे गट-चॅनल, आता कूटबद्ध आहेत. नागरिकांची खासगी माहिती रेडिओवरून उघडी पडू नये असे राज्याच्या न्याय विभागाने २०२० मध्ये पोलीस खात्यांना कळवले. त्यावर फक्त तेवढी माहिती वेगळ्या चॅनलवर नेण्याचाही मार्ग होता, पण पुष्कळ खात्यांनी सरसकट कुलूप लावणे पसंत केले. मला हे चुकीचे वाटते आणि मी ते तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलेही आहे. कुणाच्या परवान्याचा तपशील ऐकण्यात मला रस नाही. रस्ता कोणता बंद झाला हे मला ऐकायचे असते.

त्याच खंडात डेस्कचा दूरध्वनी वाजला. त्या रस्त्यावर राहणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. धूर दिसतो आहे, फोनवर सूचना काही आलेली नाही, यजमानांना चाकाच्या खुर्चीतून गाडीत बसवायला वेळ लागतो, काय करू, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “आदेश अजून निघालेला नाही. पण विमानातल्या अधिकाऱ्याने तुमच्या बाजूची घरे रिकामी करण्याविषयी बोललेले मी ऐकले आहे, आणि घटनाप्रमुखाने तशी मागणीही केली आहे. यजमानांना आत्ताच गाडीत बसवा आणि ९११ ला कळवा.” त्या निघाल्या. आदेश त्यानंतर आला. तोपर्यंत पडद्यावर आमचे तेच जुने वाक्य होते.

त्यांना मी जे सांगितले ते त्यांच्या शेजाऱ्यांना का सांगितले नाही, हा प्रश्न निर्मात्याने विचारला नाही. मीच विचारते आहे. फोनवर मला दोन वाक्ये जास्त बोलता आली आणि त्यात कोण बोलले, कोणत्या अधिकाराने बोलले आणि पुढची पायरी कोणती हे सगळे बसले. पडद्याच्या पट्टीवर ‘रिकामी’ हा एकच शब्द लोक वाचतात. तरीही ज्यांना आवराआवर करायला वेळ लागतो त्यांच्यासाठी आदेशाआधीची ती मिनिटे सर्वांत मोलाची असतात, आणि ती माहिती माझ्या कानात होती.

मी वृत्तसंपादकांना लेखी प्रस्ताव दिला आहे: एअर-टू-ग्राउंडवर ऐकलेली पाहणी आणि कमांडवर झालेली मागणी या दोन्ही, अजून आदेश नाही असे ठळक सांगून, प्रक्षेपित कराव्यात. त्यांची हरकत अशी की धावपळीत असलेल्या प्रेक्षकाला हा फरक एका ओळीत कळला पाहिजे. हरकत रास्त आहे. मी त्या ओळीचे मसुदे करते आहे आणि त्यांतला एकही अजून त्यांना किंवा मला पुरेसा वाटलेला नाही.