तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डाचं कर्ज आणि दोन जामीनदार

सोलापुरातल्या एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत मी हिशेब सांभाळतो. आमचे सभासद म्हणजे शिपाई, कारकून, वाहनचालक, लॅबमधले मदतनीस. हातात पडणारा पगार पंचवीस ते पस्तीस हजार. अलीकडे काउंटरवर एक प्रश्न सारखा येतो, तोही बहुतेक वेळा आजूबाजूला कुणी नाही असं बघून, खालच्या आवाजात: "भाऊसाहेब, एवढ्या पगारात क्रेडिट कार्डाचं कर्ज फिटतं का हो? आणि फिटतं तर कसं?" सुटं सुटं सांगून अर्धंच सांगितलं जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

फिटतं. पण चहा-तंबाखू बंद करून फिटत नाही, हे आधी डोक्यातून काढा. रोजचे वीस रुपये वाचवले तर महिन्याला सहाशे होतात. सव्वा लाखाच्या आसपास थकलेल्या कार्डावर महिन्याचं व्याजच पाच हजारांच्या घरात जातं. काटकसर करायचीच, पण ती दर कमी झाल्यावर कामाला येते. आधी कर्ज जिथे आहे तिथून हलवावं लागतं.

दिवाळीनंतर एक सभासद बिलाची छापील प्रत घेऊन आले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात एकूण देणं, 1,20,000 रुपये. त्याच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरात किमान देणं, 6,000. ते म्हणाले, "दर महिन्याला भरतोय. एकदाही तारीख चुकवली नाही. तरी कमी का होत नाही?" मी पेन्सिल घेतली आणि बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं. दर महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42. एक लाख वीस हजारांवर महिन्याचं व्याज 4,200. व्याजावर 18 टक्के जीएसटी, 756 रुपये. झाले 4,956. सहा हजार भरले, त्यातले मूळ रकमेत गेले 1,044. आणि त्याच महिन्यात पेट्रोल आणि किराणा मिळून अडीच हजार त्याच कार्डावर. म्हणजे सहा हजार भरून कर्ज दीड हजारानं वाढलं.

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. ते पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात ना, ते फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला. मागची बाकी राहिली की ती सवलत गेली. मग तीन तारखेला घेतलेल्या तेलाच्या डब्याला तीन तारखेपासूनच व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर तिला सवलत कधीच नसते, वर काढण्याची फी वेगळी. आणि ओळखीच्या दुकानात कार्ड घासून दोन-अडीच टक्के कापून रोख घ्यायची, त्यातून दुसऱ्या कार्डाचं बिल भरायचं, हा जो उद्योग चालतो त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की त्यात सुखी झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. दुकानदार सोडून.

नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर कर्ज फिटायला वर्षानुवर्षं लागतील, हा इशारा बिलावर छापलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. छापलेला असतो. आमच्या सभासदांच्या बिलावरही होता, बारीक अक्षरात. हिशेब केला तर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता दर महिन्याला बाकीच्या फक्त पाच टक्के, म्हणजे किमान रक्कम, भरत गेलं, तर ही बाकी निम्मी व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात. निम्मी, बरं का. बाकीबरोबर किमान रक्कम घटत गेली तरी ठोक सहा हजारच भरत राहिलं, तरी साडेतीन वर्षांवर जातं आणि एकूण भरणा अडीच लाखांच्या पुढे.

मग मी त्याच कागदावर आमचा दर मांडला. 11 टक्के, घटत्या बाकीवर, चोवीस हप्ते. हप्ता आला 5,593. त्यांनी खिशातून मोबाइल काढून स्वतः गुणाकार केला. बरोबर होता. कार्डाच्या किमान रकमेपेक्षा हप्ता कमी, दोन वर्षांत सगळं संपणार, आणि दोन वर्षांचं व्याज मिळून साडेचौदा हजारांच्या आत. माणूस खूश व्हायला पाहिजे. ते म्हणाले, "जामीनदार लागतात का?"

"दोन."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि "बघतो" म्हणून गेले.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. कार्ड कुणालाच विचारत नाही. मॉलच्या दारात फॉर्म भरून घेतात, फोनवर लिमिट वाढवून देतात, घरातल्या माणसालाही पत्ता लागत नाही. आमच्याकडे फॉर्म, पगारपत्रक, संचालक मंडळाची मंजुरी आणि आपल्याच खात्यातले दोन सहकारी, ज्यांना जाऊन सांगायचं की बाबा, मी अडकलोय, सही दे. ज्याच्याकडे कधी उधारी मागितली नाही त्याच्यासमोर हे बोलायला जीभ रेटत नाही. म्हणून माणूस 42 टक्के भरत राहतो. वर्षाकाठी पन्नास-साठ हजार रुपये तो कुणाला कळू नये यासाठी मोजतो, असं मी म्हटलं तर लोकांना राग येतो. पण आकडा तोच येतो.

आमचा दर कमी का, तर त्याच दोन सह्यांमुळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधल्या कलम 49 प्रमाणे हप्त्याची कपात थेट पगारातून होते, पैसे सभासदाच्या हातात पडायच्या आधी. कुणी थकवलंच तर कलम 101 चा वसुली दाखला काढता येतो आणि जामीनदारालाही सोडत नाहीत. बुडण्याची भीती कमी, म्हणून व्याज कमी. कार्डवाल्याकडे ना तारण ना जामीन. त्याची बुडीत भरून निघते ती तारखेला किमान रक्कम भरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या व्याजातून. मी पतसंस्थेचा माणूस, आपल्याच दुकानाची जाहिरात करतोय असं वाटेल. वाटू दे. नागरी पतसंस्थांचे दर आमच्याहून चढे असतात, हेही सांगून टाकतो. तरी कार्डाच्या दराच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत.

"पण 42 टक्के ही सावकारी नाही का? कायदा नाही का?" असं विचारणारे असतातच. परवानाधारक सावकाराला कायदा आहे. 2014 च्या सावकारी कायद्याखाली शासनानं ठरवलेल्या दरांनुसार बिगरशेती विनातारण कर्जावर त्याला वर्षाला 18 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. बँका त्या कायद्यात येत नाहीत. कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज म्हणजे अनुचित प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या बाजूनं कुणी सोडवायला येईल ही आशा नको.

सोन्याबद्दलही असाच संकोच. घरात चार तोळे असतात, सरकारी बँकेत सोनंतारण कर्ज साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं, किमतीच्या मोठ्या भागाएवढी रक्कम एका दिवसात हातात पडते. पण "पाटल्या गहाण टाकल्या" हे शब्द ऐकायची तयारी नसते. लग्नात घातलेल्या पाटल्या बँकेत गेल्या म्हणजे घर बुडालं, असंच आपल्याकडे धरलं जातं. कपाटात पाटल्या आणि बाहेर 42 टक्क्यांचं कर्ज, यात घर बुडत नाही असं कुणी सांगितलं? अर्थात घरच्या बाईला न सांगता तिचे दागिने न्यायचे नाहीत. आणि दर बँकेत बसून लेखी विचारायचा. जाहिरातीतला दर आणि आपल्याला लागणारा दर यांत फरक पडतो. एकरकमी फेडीचं कर्ज असलं तरी दर महिन्याला भरत राहायचं, नाहीतर मुदत संपते आणि लिलावाची नोटीस येते.

ज्यांच्याकडे पतसंस्था नाही आणि सोनंही नाही, त्यांनी कार्डाच्या बँकेलाच फोन करून सगळी बाकी हप्त्यांत बदलून मागावी. त्याचा दर साधारण पंधरा-अठरा टक्के असतो, प्रक्रिया शुल्क वेगळं आणि व्याजावर जीएसटी आहेच. तरी 42 पेक्षा बरं. भिशीचा नंबर लागणार असेल तर तो सगळा इकडेच घालावा. दोन कार्डं असतील तर आधी जास्त दराचं. दर सारखा असेल तर लहान बाकीचं आधी संपवा, निदान एक फोन तरी बंद होतो.

फोनांवरून आठवलं. हप्ता थकला की वसुलीवाले सुरू होतात आणि लोक घाबरून नातेवाइकांकडून हातउसने घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, घरच्यांना आणि मित्रांना छळता येत नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. त्यामुळे कर्ज माफ होत नाही, पण फोनवरची भाषा सुधारते.

आणि कुणी "साठ टक्क्यांत मिटवून देतो" म्हणालं तर थोडं थांबा. उरलेली रक्कम सोडून दिल्यावर सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत खातं "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शब्द तिथे आडवा येतो. नोकरीच गेली असेल तर गोष्ट वेगळी. पगार चालू असताना तो रस्ता घेऊ नये.

घडी घालून गेलेले सभासद महिन्याभरानं परत आले, बायकोला घेऊन. तिनंच कार्डाची बिलं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत लावून आणली होती. पहिल्या जामीनदारानं काही न विचारता सही केली. दुसऱ्यानं पेन हातात घेतलं, फॉर्म वाचला आणि मला हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, माझंही ऐंशी हजारांचं आहे. मला मिळेल का?" दोन कर्जदारांनी एकमेकांना जामीन राहणं आमच्याकडे चालत नाही. मग दोघांनी मिळून खात्यातला तिसरा माणूस शोधला, आणि तिसऱ्याला शोधताना चौथ्याचंही कळलं.

कर्ज मंजूर झालं की रक्कम कार्डात भरायची ती पूर्ण, आणि त्याच दिवशी. हजार-दोन हजार मागे ठेवून "ते पुढच्या महिन्यात बघू" केलं की व्याज पुन्हा लागू. पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसतं, मधल्या दिवसांचं. त्याला घाबरू नका, तेही भरून टाका. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्डाचे नंबर काढा, आपोआप कापले जाणारे मासिक पैसे बंद करा, यूपीआयला कार्ड जोडलं असेल तर तोडा. आणि हप्ता सुरू झाल्यावर थोडं थोडं करून दहा हजार तरी बाजूला पडू द्या. आमच्याकडे येणारी कार्डाची कर्जं चैनीची फार थोडी असतात. जूनमधली शाळेची फी, दवाखान्याचं डिपॉझिट, बहिणीकडचं लग्न. ती पुन्हा येणारच.

"मग कार्ड बंदच करून टाकू का?" हा शेवटचा प्रश्न प्रत्येकाचा. दोन असतील तर एक नक्की करा, वार्षिक फी जास्त असलेलं. बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या; बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला पाचशे रुपये तिनं तुम्हाला द्यायचे. बंद झाल्याचं आणि काही देणं नसल्याचं पत्र मागून घ्या. त्याची एक झेरॉक्स आमच्याकडे आणून दिलीत तर तुमच्या कर्जाच्या फायलीला लावून ठेवतो.