बत्तीस जीबीचा कार्पेट एरिया

फॉरमॅट मारला की पेनड्राईव्ह कोरा करकरीत, असं आपण सगळेच धरून चालतो. पण ३२ जीबीचा पेनड्राईव्ह फॉरमॅट करूनसुद्धा चार-पाच एमबीच दाखवायला लागला की माणूस चक्रावतो. शेजारच्या काकांचं तेच झालं, भाच्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकायला त्यांचा पेनड्राईव्ह नेला, आणून दिला, आणि मग नौपाड्यात झेरॉक्सवाल्याकडे सोसायटीच्या एजीएमचे फोटो त्यात घ्यायला गेले तर जागाच नाही. "गेला हा, काका, नवीन घ्या." झेरॉक्सवाल्यांचं हे आवडतं निदान, नवीन पेनड्राईव्ह काउंटरमागेच लटकत असतात ना.

गेलेला वगैरे काही नसतो. लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाईल, एचरसारख्या प्रोग्रामने लिहिली की ती स्वतःचं पार्टिशन टेबल, म्हणजे जागेच्या वाटणीचा नकाशा, सोबत घेऊनच पेनड्राईव्हवर उतरते, त्यातला बूटपुरता (कॉम्प्युटर सुरू करण्यापुरता) छोटा तुकडा तेवढा विंडोजला वाचता येतो आणि बाकीची जागा असून नसल्यासारखी. आपण राईट क्लिक करून फॉरमॅट करतो तो फक्त तो तुकडा! मग दहादा मारा.

म्हणून डिस्कपार्ट, विंडोजमधलंच डिस्कची वाटणी करायचं टूल, त्यात कमांड टाईप करायच्या. काळी खिडकी उघडली तसे काका खुर्ची ओढून जवळ आले. लिस्ट डिस्क टाईप केलं, डिस्क ० म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉपची स्वतःची असते, तरी आकडा न पाहता पुढे जायचं नाही, २९ जीबी दिसतंय ती आपली. "जपून रे, माझे पेन्शनचे कागद आहेत लॅपटॉपमध्ये." सिलेक्ट डिस्क १, मग क्लीन, आणि हे क्लीन काही विचारत बसत नाही, एंटर मारला की पार्टिशन टेबल साफ. मग क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट, असाईन. फॉरमॅटचा प्रकार एक्सफॅट करणार होतो पण काकांचा टीव्ही जुना, त्याला ते कळत नाही, म्हणून फॅट३२ हा जुना प्रकार ठेवला, फक्त त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही.

"बाकी सगळं ठीक, पण वरचे दोन जीबी कुठे गेले?"

घोडबंदर रोडला फ्लॅट बघून आलेल्या माणसाने हे विचारावं म्हणजे कमाल आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या हिशोबाने साधारण १०७ कोटी, त्यामुळे ३२ चे २९.८ च दिसणार, त्यातही ड्राईव्ह थोडं स्वतःकडे ठेवतो. सुपर बिल्टअप आणि कार्पेट, दुसरं काय. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतंही, पण ते वाचायला काकूंचा चष्मा लागेल.

मग काकांनी ड्रॉवरमधून आणखी एक काढला, वर २ टीबी छापलेलं, लोकलमध्ये घेतलेला. अशांना डिस्कपार्टचा उपयोग नाही कारण आतली चिपच छोटी असते आणि ती चालवणारा कंट्रोलर खोटी साइज सांगतो, भरत गेलं की जुन्या फाइली खराब व्हायला लागतात. खरी जागा किती ते एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम सगळीकडे लिहून, परत वाचून सांगतो, पण वेळ खातो फार, म्हणून तो लावून ठेवला आणि मी घरी निघालो. काका दारापर्यंत आले, आत एक नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "कितीला घेतला ते काकूला बोलू नको हां."