आमच्यात पण एक बसवून द्या की

हळदीकुंकवाला गेले, भाजीला गेले, नाहीतर रेल्वे गेट पडल्यावर शेजारच्या स्कूटरवर कोणी ओळखीचं निघालं, तरी प्रश्न ठरलेला. "तुमच्या टाकीचं ते मोबाइलवर दिसणारं यंत्र आमच्यात पण एक बसवून द्या की. पैसे काय ते घ्या." मी म्हणते, "बघूया की." बेळगावात 'बघूया की' म्हणजे नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, तरी महिन्याभरानं परत विचारतात. गेल्या आठवड्यात जावेच्या बहिणीनं मात्र पकडलंच, "नाही तर नाही, पण का नाही ते तरी सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी यंत्र म्हणजे काय ते. आम्ही अनगोळात राहतो. राकसकोप धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, आमच्या नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानंच येतं आणि वेळ ठरलेली नाही. आलं की खालच्या संपात, म्हणजे जमिनीतल्या टाकीत घ्यायचं, संपातून मोटारीनं वरच्या टाकीत चढवायचं. पूर्वी या कामाला गल्लीत एक बिनतारी यंत्रणा होती. कोपऱ्यावरच्या घरातल्या कन्नड अज्जी. पहाटेचे चार असोत की रात्रीचे अकरा, त्यांच्या नळानं फुसफुस केली की त्या दारात येऊन ओरडायच्या, "नीर बंतु!" म्हणजे पाणी आलं, आणि दहा घरांतले दिवे लागायचे. ना बॅटरी, ना पासवर्ड. अज्जी मुलाकडं हुबळीला राहायला गेल्या आणि आमचं पाणी लागोपाठ दोनदा चुकलं. दुसऱ्या वेळी सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या रिकाम्या घागरी पालथ्या घालत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असते. पोरांचे प्रोजेक्ट बघून हात शिवशिवत होतेच. २०१४ मध्ये ईएसपी ८२६६ ही चिप आली आणि दोन-तीनशे रुपयांच्या बोर्डावर वाय-फाय मिळायला लागलं, तेव्हापासून लॅबमधल्या निम्म्या प्रोजेक्टांत तीच असते. मी नळाखाली अर्धी कापलेली प्लॅस्टिकची बाटली टांगली, बुडाला सुईनं भोक पाडलं, आत एक छोटा फ्लोट स्विच सोडला. पाणी आलं की बाटली भरते, फ्लोट उचलतो, घरात बझर वाजतो. पाणी गेलं की भोकातून बाटली आपोआप रिकामी. मोबाइलवर येणारा निरोप मी 'नीर बंतु' असाच ठेवलाय. सासूबाईंना कन्नड वाचता येत नाही, पण देवनागरीत लिहिलेलं ते बघून त्या उठतात.

मग वरच्या टाकीची पातळी. त्यात माझा एक पावसाळा गेला. टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, तो खाली आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद. कागदावर सोपं. पण शंभर रुपयांचा तो दोन डोळ्यांचा सेन्सर टाकीतल्या दमटपणाला टिकत नाही. जाळीवर दव साचलं की एक मीटर खोल टाकीत तीन मीटर सांगतो. पंधरा दिवसांनी काढला तर पायांवर हिरवी बुरशी. नंतर गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसला, पाणी न शिरणारा सेन्सर आणला. त्याला वीसेक सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही, म्हणून तो टाकीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून उंचावर बसवावा लागला. पाच वेळा मोजायचं आणि मधली संख्या धरायची, म्हणजे एखादी लाट नाहीतर कोळ्याचं जाळं मध्ये आलं तरी फसत नाही.

बोर्ड ठेवलाय श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्यात. वायर वरून आत नेली तर पाऊस तिच्यावरून चालत आत येतो. खालून न्यायची आणि आत जाण्याआधी तिला एक झोळ द्यायचा, तिथून थेंब गळून पडतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, भिजलेल्या दोन बोर्डांनी शिकवलं. पावसाळ्यात त्या उबेला मुंग्या अंडी घेऊन येतात आणि मुंग्यांच्या मागं पाल येते. एकदा टाकी दिवसभर 'भरलेली' दाखवत होती. जाऊन बघते तर पाल पाइपच्या तोंडाशी, सेन्सरसमोर चिकटून बसलेली.

हे सगळं आमच्या घरी चालतं, कारण आकडा वेडावाकडा दिसला की मला कळतं, ही पाल असणार, नाहीतर राउटर अडकला असणार. मी शिडी लावते. पण समोरच्या काकूंना मी ते बसवून दिलं तेव्हा शिडी बरोबर दिली नव्हती.

काकूंच्यात मी नुसतं मोजून थांबले नाही. त्या म्हणाल्या, "मोटार आपली आपण बंद झाली तर बरं होतंय गं, माझे गुडघे." म्हणून वर एक डबा, खाली मोटारीपाशी दुसरा. मोटार चालू-बंद करायला बोर्ड रिले नावाचा छोटा स्विच वापरतो. त्याच्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह सोसणारा दणकट स्विच घातला, वायरमनकडून जोडून घेतला. तिथं मी कसर ठेवली नाही. कसर राहिली ती प्रोग्रामच्या एका ओळीत. 'टाकी भरली' असा निरोप आला की मोटार बंद कर, एवढंच मी खालच्या डब्याला सांगितलं होतं. निरोपच आला नाही तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं.

चार महिने छान चाललं. मग एका दुपारी काकूंच्या मुलानं इंटरनेट बदललं. जुना राउटर काढला, नवा लावला, पासवर्ड नवा. त्याच वेळी खाली मोटार चालू होती. दोन्ही डबे जुन्या पासवर्डानं जुनं घर हुडकत बसले. वरचा ओरडतोय 'भरली, भरली', ऐकणारं कोणी नाही. घरची मंडळी निपाणीला लग्नाला निघून गेली. टाकी मागच्या गटारात वाहिली, संप संपला, मोटार कोरडी फिरत राहिली. तिचं सील जळालं. दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर त्या सीलमधून पाणी मोटारीत उतरलं आणि वायंडिंगही गेलं. उद्यमबागेत रिवाइंडिंगला २२०० रुपये लागले. मी द्यायला गेले तर घेतले नाहीत.

ही उपकरणं ज्या भाषेत एकमेकांना निरोप देतात ती एमक्यूटीटी, १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला केली गेली. तिच्यात एक सोय आहे, लास्ट विल, सरळ मृत्युपत्रच. मी अचानक गप्प झाले तर सगळ्यांना अमुक सांगा, असं उपकरण आधीच लिहून ठेवतं. मला हे माहीत होतं, लॅबमध्ये पोरांना शिकवतेसुद्धा. पण इथं मृत्युपत्र वाचून दाखवणाऱ्या सर्व्हरपर्यंतचा रस्ताच उखडला होता. खालच्या डब्यानं स्वतःच ठरवायला हवं होतं की दोन मिनिटं वरून काही ऐकू आलं नाही तर मोटार बंद, आणि ऐकू आलं तरी एका दमात वीस मिनिटांच्या वर चालवायची नाही. आता माझ्या घरी ते तसं आहे. काकूंच्यात दुरुस्त करायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "राहू दे गं आता." चार दिवसांनी श्रीखंडाचा डबा परत आला. घासून लख्ख केलेला, वायरच्या भोकाला आतून चिकटपट्टी, आणि आत शेंगदाण्याचे लाडू. रिकामा डबा परत देत नाहीत आमच्याकडं. लाडू कोणी खाल्ले आठवत नाही, मला नाही गेले.

म्हणून बसवून देत नाही. तुमची अडचण टाकी वाहण्याची असेल तर बाजारात तारेचा फ्लोट स्विच मिळतो, वायरमनला सांगा, तासाभरात बसवेल. त्याला वाय-फाय लागत नाही, पासवर्ड बदलल्याचं दुःख होत नाही. बहुतेकांना तेवढंच पुरतं, हे मी माझ्या छंदाच्या विरुद्ध जाऊन सांगतेय.

पण एक यंत्र मी दिलंय आणि ते तीन वर्षं चालू आहे. माझ्या मामांचं. त्यांचं शेत पश्चिमेला, चंदगडच्या बाजूला, भात, रताळी. तिथं बांधावर गेलं की मोबाइल महाराष्ट्रात स्वागत करतो आणि विहिरीकडं वळलं की परत कर्नाटकात आणतो. घरापासून विहीर पाऊण किलोमीटर, मध्ये चढ. तिथं वाय-फायचं काही चालत नाही, म्हणून लोरा वापरलं, म्हणजे थोड्या बॅटरीत छोटे निरोप लांबवर पोचवणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं लायसनशिवाय वापरता येतो. आठवड्याला दोन-चार रात्री उठून करंट आलाय का आणि मोटारीनं पाणी धरलंय का बघायला जायचं, ते टाळायचं होतं.

ते मी बसवून दिलं नाही. मामा पाच रविवार माझ्यासमोर बसून सोल्डरिंग, म्हणजे बोर्डावर कथलाचा डाग देणं, शिकले. पहिल्या रविवारी बोट भाजलं, दुसऱ्या रविवारी बोर्ड. बोर्डावरचा लाल दिवा फुकट बॅटरी खातो म्हटल्यावर त्यांनी तो सुरीच्या टोकानं उखडून टाकला. चिप झोपली की मायक्रोअँपिअरवर जगते, पण त्या एका दिव्यापायी महिन्याची बॅटरी आठवड्यात संपते. डीप स्लीपला ते 'डोळा लागला' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात माकडानं अँटेना उपटली. मला फोन आला तो दुरुस्त झाल्यावर. "तांब्याची तार साडेआठ सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर, बरोबर की नाही गं?" बरोबर. तरंगलांबीचा चौथा हिस्सा. आणि तार जोडेपर्यंत त्यांनी बॅटरी काढून ठेवली होती, कारण अँटेनाशिवाय पाठवायला लावलं तर रेडिओ जळू शकतो, हे मी दोन वर्षांपूर्वी एकदाच सांगितलेलं.

तेव्हा जावेच्या बहिणीला आणि बाकी सगळ्यांना सांगणं एवढंच. रविवारी तीननंतर मी घरी असते. सोल्डरिंग गन दोन आहेत. पाच व्होल्टपर्यंतचं सगळं आपण करू, २३० व्होल्टला तुमचा वायरमन आणा. पाच-सहा रविवार लागतील. आणि येताना श्रीखंडाचा डबा आणाल तो रिकामा आणा. मागच्या खेपेला एकीनं भरलेला आणला, सासूबाईंनी पुऱ्या लाटल्या आणि काम काहीच झालं नाही.