त्या निळ्या वायरीबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

"काय बे, अजून वायरच ओढतो? टॅब घे की एक." मी साउंडवाला, मिक्सरशेजारच्या लॅपटॉपपासून स्टेजशेजारच्या प्रोसेसरपर्यंत एक निळी वायर ओढतो. त्यामुळे सोलापुरात कुठल्याही मंडपात पाय ठेवला की पहिल्या अर्ध्या तासात हे ऐकायला मिळतं. डेकोरेटरची पोरं म्हणतात, कॅटरिंगवाले म्हणतात, परवा अक्कलकोट रोडच्या एका लग्नात नवरीच्या मामांनीही विचारलं. त्यांचा पाय वायरीत अडकला होता, त्यामुळे त्यांचं मी ऐकून घेतलं. बाकीच्यांना आजवर हसून घालवलं. आता एकदाच सांगून टाकतो.

सगळे माइक एकत्र करणारा मिक्सर मागे, आणि कुठल्या स्पीकरला काय, किती आणि केव्हा पाठवायचं ते ठरवणारा प्रोसेसर स्टेजशेजारी अॅम्पच्या रॅकमध्ये, मध्ये सत्तर-ऐंशी मीटर माणसं, हे तुम्हाला माहीतच आहे. "मिक्सरवरूनच कमी कर की" म्हणणाऱ्यांना एवढंच, की मिक्सरवरून सगळंच कमी होतं. मला रात्री साडेनऊला फक्त वस्तीच्या बाजूचा स्पीकरचा टॉवर तीन डेसिबलने खाली घ्यायचा असतो, किंवा मागच्या स्पीकरचा डिले, म्हणजे आवाज किती थांबवून सोडायचा ते, सरकवायचा असतो. आवाज एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. मागचे स्पीकर चाळीस मीटरवर असतील तर त्यांना सव्वाशेच्या आत-बाहेर मिलिसेकंद थांबवावं लागतं, नाहीतर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे काम प्रोसेसरचं. तिथवर चालत जायचं तर लोकांच्या मांड्यांवरून जावं लागेल.

टॅब माझ्याकडे आहे, तो वायफायने प्रोसेसरशी बोलतो. दुपारी चारला रिकाम्या मैदानात तो घेऊन मीही फिरतो, स्पीकरसमोर उभं राहून कान लावतो, झकास चालतं. सात वाजता तिथेच दोन हजार माणसं येऊन बसतात. माणूस म्हणजे बरचसं पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. शिवाय प्रत्येक पाण्याच्या पिशवीच्या खिशात एक फोन, तोही त्याच पट्ट्यात बडबडतो. मग टॅबवर ते चाक गरगर फिरत राहतं. हे तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही येता तेव्हा मी टॅब पिशवीत ठेवलेला असतो.

इथवरचं सगळं मी नेहमी सांगतो आणि छाती काढून सांगतो. पुढचं सांगत नाही.

तेव्हा मी अण्णांकडे कामाला होतो. अण्णांचा धंदा अहुजाच्या भोंग्यांपासूनचा, कंप्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रोसेसर घ्यायला मीच त्यांना भरीला घातलं होतं. त्याला मागे आरएस-२३२ चं, म्हणजे कंप्युटर जोडायच्या जुन्या पद्धतीचं, नऊ पिनांचं तोंड होतं. पिन दोन, तीन आणि पाच, तीनच तारा लागतात, म्हणून मी ऐंशी मीटर वायर आणून स्वतः सोल्डर मारलं. वायर जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरायची खोड, जास्त; २३२ साठी ती २५०० पिकोफॅरडच्या आत हवी. माझ्या वायरीवर मीटरला शंभर छापलेलं होतं, म्हणजे पंचवीस मीटरचा हिशेब. मी वाचलं होतं. पण एमआयडीसीतल्या गोडाऊनमध्ये अख्खं वेटोळं जोडून पाहिलं तर चाललं! स्क्रीनवर फेडर सरकवला की रॅकवरचे दिवे हलत होते. चाललं म्हटल्यावर हिशेब कोण करतो?

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, उठून पंधरा-वीस दिवस झाले असतील. भक्तिसंगीताचा कार्यक्रम होता, अर्धा मराठी, अर्धा कानडी. दोन टॉवर, मागे दोन डिलेचे. रॅक जनरेटरवर आणि मिक्सर मंडपवाल्याच्या लाइटवर, म्हणजे एमएसईबीच्या खांबावरून. गोडाऊनमध्ये दोन्ही टोकं एकाच बोर्डावर होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. २३२ मध्ये एक आणि शून्य ठरतात ते ग्राउंडच्या तारेच्या मानाने. दोन ठिकाणचं अर्थिंग वेगळं, म्हणजे मोजपट्टीचा शून्यच दोन टोकांना दोन जागी. प्लगच्या पत्र्याला बोट लागलं तेव्हा झिणझिण्या आल्या होत्या. थंडीमुळे असेल म्हणालो.

पहिल्या अभंगापासून संपर्क तुटायला लागला. तुटला तरी प्रोसेसर आपलं काम करत राहतो, तसं काही बिघडत नाही. निमूट बसलो असतो तर कार्यक्रम सुखाने पार पडला असता. पण शेजारी अण्णा उभे होते, आणि मला ती जादू त्यांना दाखवायची होती. मी परत परत जोडत राहिलो. पाचव्या की सहाव्या वेळेला खिडकी आली, दर वेळी येते तीच. लॅपटॉपमधलं रॅकला पाठवू, की रॅकमधलं लॅपटॉपला आणू? दोन बाण. घाईत पहिला दाबला.

लॅपटॉपमध्ये गोडाऊनची फाइल होती. तिथे टेस्टला म्हणून तीन आणि चार नंबरच्या आउटपुटला मी बेसचे, म्हणजे जाड आवाजाचे, स्पीकर लावले होते. मैदानावर तीन आणि चारला बारीक, नाजूक आवाजाचे हॉर्न होते.

क्षणभर सगळं गप्प झालं. मग तबलजीची थाप डग्ग्यावर पडली आणि ती हॉर्नमधून आली. त्या आवाजाला काय म्हणायचं हे मला अजून सुचलेलं नाही. पत्र्याच्या डब्यात फटाका, असं काहीतरी. दुसरी थाप, तिसरी. मी मास्टर खाली ओढला आणि पळालो. कनातीच्या बाहेरून, दोऱ्या चुकवत, ऐंशी मीटर. ज्या अंतरासाठी वायर ओढली होती तेच. रॅकवरची बटणं दाबून दुपारचा प्रीसेट, म्हणजे साठवलेली सेटिंग, परत आणला. गाणं चालूच होतं, बुवांनी स्टेजच्या मॉनिटरवर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर, ओढून नेलं. मास्टर वर केला तर आवाज आला, पण टाळ आला नाही. झांज नाही, शब्दांतला 'स' नाही. सोलापूरकराने काय उपमा द्यावी, टॉवरवर जाड चादर टाकल्यासारखं. पुढचा दीड तास तसाच वाजला.

चार डायफ्रॅम गेले, म्हणजे हॉर्नच्या आतले थरथरणारे पातळ पडदे. रात्री टेम्पोत अण्णांनी हॉर्न खोलून त्यातलं एक काढलं. केसाएवढी तार काळी पडून सुटी झालेली, जळक्या वार्निशचा वास. ते त्यांनी डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवलं आणि वर्षभर तिथून हलवलं नाही. विचारलं फक्त एवढंच, "वायरीमुळं झालं, की तुझ्यामुळं?"

मी म्हणालो, वायरीमुळं.

आणि पुढे कित्येक वर्षं हेच सांगत आलो. उपायही वायरीवरच केला. तो आमच्या लाइटवाल्याने शिकवला, हसत हसत. "आमचा डीएमएक्स, लाइटांना हुकूम देणारा सिग्नल, काय हवेतून जातो होय? ४८५ वरच चालतो की तो." आरएस-४८५ म्हणजे दोन पिळलेल्या तारा, एकीवर सिग्नल, दुसरीवर त्याचाच उलटा. घेणारा फक्त दोघींतला फरक बघतो. दोघींवर मिळून काही व्होल्टचा कचरा चढला तरी फरक तोच राहतो. सावकाश चालवलं तर बाराशे मीटरपर्यंत जातं, आम्हाला शंभर पुरे. त्याने त्याच्या पेटीतला एक टर्मिनेटर दिला. रिकाम्या एक्सएलआर प्लगमध्ये दोन आणि तीन पिनांच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, बास. टोकाला तो नसेल तर सिग्नल आपटून मागे फिरतो. ए तार कुठली आणि बी कुठली हे कंपनीगणिक उलटं असतं, त्यात माझा एक अख्खा रविवार गेला. शिवाय मधे ऑप्टो-आयसोलेटर बसवला, तो सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवतो, म्हणजे दोन अर्थिंगचं भांडण वायरीपर्यंत येतच नाही. ती हीच निळी वायर. तेव्हापासून संपर्क तुटलेला नाही, हे मात्र खरं.

पण अण्णांचा प्रश्न तिथेच आहे. वायफाय असतं तरी ती खिडकी आली असती, आणि ४८५ असतं तरी बाण मीच दाबला असता. तुम्ही "वायर का?" विचारता तेव्हा मी पाण्याच्या पिशव्यांचं सांगतो, ओहमचं सांगतो. कारण बोटाचं सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, मग वायर कशाला? आणि त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. गोडाऊनमधला तो पोरगा आज समोर आला तर मी त्याला २५०० पिकोफॅरड सुनावेन, आणि तो म्हणेल, "वाचलं होतं की मी." आता लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टीने कागद लावलाय, 'आधी रॅककडून घे.' जुन्या फाइली पुसून टाकतो. हे टॅबवाल्यालाही करता येतं.

आता नवे प्रोसेसर नेटवर्कवर चालतात. माझ्याकडेही एक आलाय, आणि त्यालाही मी वायरच जोडतो. तिथे शंभर मीटरची मर्यादा, पुढे जायचं तर मधे नेटवर्कचा स्विच, म्हणजे वायरी जोडायचा डबा, त्या स्विचला लाइट, आणि मंडपाच्या मधोमध लाइटचा पॉइंट मागितला की डेकोरेटर माझ्याकडे कसा बघतो ते तुम्ही पाहिलंय.

गेल्या महिन्यात पुतण्या पहिल्यांदा कामावर आला. विचारलं, "काका, ही तुटली तर?" मी ऐटीत दाखवलं, दुसरी लाइन आहे, शेजारीच. त्याने चटई उचलून बघितली. दोन्ही वायरी एकाच चटईखालून, एकाच गेटमधून, जिथून जेवणाचा टेम्पो आत येतो तिथूनच गेल्या होत्या. "मग दुसरीचा काय उपयोग?" म्हणाला.

तेवढ्यात साउंडचेकला हाक आली. चटई तशीच टाकली.