आषाढातली वाट

आमच्या तालीम मंडळाची पन्हाळा-पावनखिंड मोहीम दरसाल आषाढात निघते. 1660 च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले, ते एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात. आम्हाला खिंडीपर्यंतच दोन दिवस लागतात, तेही मुक्कामाला पिठलं-भाकरी खाऊन. लहानपणी मला याची जरा लाजच वाटायची.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा द्यायच्या, राजदिंडीच्या वाटेनं गड उतरायचा आणि तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठार गाठायचं. पठारावर पाऊस वरनं पडत नाही, आडवा येतो. डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद उलटा होतो, पुढचा गडी धुक्यात दिसेनासा होतो. म्हणून मंडळाचा एकच कडक नियम : शेवटी चालणारा माणूस जाणता हवा, त्याच्या मागं कुणी राहता कामा नये. हे काम बरीच वर्षं आमच्या आबांकडं होतं. मी रेंगाळणारा, त्यामुळं आपोआप त्यांच्या जोडीला. इतिहास त्यांनी फारसा सांगितला नाही. तो पोवाड्यांतून कानावर पडायचाच. ते सांगायचे भलतंच. भाताची नवी लावण तुडवायची नाही, बांधावरनं जायचं. जळू ओढायची नाही, मीठ लावलं की आपसूक सुटते. आणि वाडीवरचं माणूस ‘हितंच की, टेकाडापल्याड’ म्हणालं, तर आधी पोटाला काहीतरी खाऊन घ्यायचं.

आता मी मुलीला नेतो. गर्दी वाढलीय, काहीजण पाठीवर स्पीकर वाजवत चालतात. मला ते अजिबात आवडत नाही. (तिला आवडतं.) पण पहिल्याच वर्षी खोतवाडीच्या पुढं एका पोराच्या पायाला जळू चिकटली, तर हिनं खिशातनं मिठाची पुडी काढली. मी दिली नव्हती. आबांनी गुपचूप दिली होती.

आबा हल्ली टेम्पोतनं मुक्कामावर येतात आणि पिठल्यात मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याशी भांडतात. यंदा पोरगी त्यांना म्हणाली, शेवटी मी चालणार. आबा म्हणाले, “तू लई पळतीस. आधी माझ्याबरोबर चालून दाखव.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं रंकाळ्याला फेरी मारायला जातात. तिची तक्रार एवढीच, की आबा दर बाकड्यावर बसतात.