किलीमांजारो : केमोनंतरची चढण

टांझानियातल्या किलीमांजारोची चढण जिथून सुरू होते त्या माचामे गेटपाशी सगळ्यात आधी वजनं होतात. पोर्टरच्या वाट्याला २० किलोपेक्षा जास्त ओझं येऊ नये असा नियम आहे, त्यामुळे तंबू, गॅस, आमच्या बॅगा, सगळं काट्याला लटकवून पाहिलं जात होतं. माझ्या स्वतःच्या सॅकमध्ये पाणी, रेनकोट आणि औषधं एवढंच होतं, आणि तिचा डावा पट्टा मी सैल ठेवला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझ्या डाव्या काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या आहेत. तिथे पट्टा काचला की हात सुजतो, आणि एकदा आलेली सूज लवकर उतरत नाही. म्हणून मनगटापासून दंडापर्यंत घट्ट बाही चढवूनच मी चालते.

डोंगर मी आधीपासून चढत होते, कॅन्सर मध्ये आला. उपचार संपल्यावर रुग्णांशी बोलायला बोलावणी येऊ लागली आणि हळूहळू तेच माझं काम झालं. किलीमांजारोला यायचं ठरवलं ते शॉन स्वार्नरमुळे. या अमेरिकन गिर्यारोहकाला तेराव्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला आणि सोळाव्या वर्षी ॲस्किन्स सार्कोमा, हा छातीच्या भिंतीचा दुर्मिळ कॅन्सर. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याला जेमतेम दोन आठवडे दिले होते. उपचारांत एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. तो २००२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचला. पुढे सातही खंडांची सर्वोच्च शिखरं झाली, दोन्ही ध्रुव झाले. आज तो व्याख्यानं देतो आणि कॅन्सरमधून उठलेल्यांना किलीमांजारोवर घेऊनही जातो.

हा डोंगर त्यासाठी योग्यच आहे. ५,८९५ मीटर उंची, पण दोर लावून चढावं असं या वाटेवर काही नाही. लागतो तो फक्त श्वास. माथ्यावर दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. एकाच फुप्फुसावर तिथे चालणं म्हणजे काय, ते मला वाटेवरच्या लाव्हा टॉवर या सुळक्यापाशी कळलं. ४,६०० मीटरवर मी दोन्ही फुप्फुसं भरून घेत होते आणि तरी बुटाची नाडी बांधायला वाकले की धाप लागत होती. तिथून आम्ही बरांकोच्या मुक्कामाला पुन्हा चार हजारांच्या खाली उतरलो. दिवसा उंच जायचं, झोपायला खाली यायचं, म्हणजे शरीराला सवय होते.

बरांकोच्या दरीत सेनेसिओची झाडं आहेत, माणसापेक्षा कितीतरी उंच. त्यांची वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडालाच लपेटून राहतात, आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्या जाड थरामुळे आतलं खोड गोठत नाही. मी बराच वेळ त्यातल्या एका झाडाला हात लावून उभी होते. वरून सगळं सुकलेलं, करकरणारं. टोकाला तेवढा हिरवा तुरा.

रोज सकाळ-संध्याकाळ गाईड वही घेऊन यायचा. डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? झोप? मग बोटाला ऑक्सिमीटर. केमोच्या वॉर्डात सलाइन लावण्याआधी सिस्टर अगदी याच सुरात विचारायच्या. दोन्हीकडे खरं उत्तर देणं ही आपली जबाबदारी असते.

बरांकोचा कडा सुमारे अडीचशे मीटरचा. हातापायांनी चढायचा, पण सोपा. अडचण माझीच होती: डावा हात डोक्यावर नेऊन शरीर ओढायचं म्हटलं की रेडिएशन झालेली कातडी छातीपाशी ताणली जाते. गाईडने हात रोवायच्या दोन-तीन जागा पाहिल्या आणि मला उजव्या हाताला सोयीच्या बाजूने वर घेतलं. कुठेही घाई नाही. ‘पोले पोले, मामा.’ स्वाहिलीत म्हणजे, सावकाश, बाई.

बराफू या शेवटच्या तळावरून माथ्यासाठी मध्यरात्री निघालो. थंडीपेक्षा मला भीती होती पायांची. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने माझ्या पायांच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे. बधिरपणा औषधाचा की हिमदंशाची सुरुवात, हे आतून ओळखता येत नाही. म्हणून मध्ये मध्ये थांबून, बूट काढून, हेडटॉर्चच्या उजेडात गाईड माझ्या अंगठ्याचं नख दाबून बघायचा. पांढरं झालेलं नख चटकन गुलाबी झालं की पुढे चला.

पाच हजारांच्या वर आमच्यातली एक जण अडखळायला लागली. अंडाशयाच्या कॅन्सरमधून उठलेली, आणि सरावात आम्हा सगळ्यांच्या पुढे असायची. गाईडने तिला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिचा तोल जात होता. मेंदूला सूज येत असल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यावर उपाय एकच, ताबडतोब खाली. ती काही बोलली नाही. माझ्या दंडाला हात लावला आणि मदतनीस गाईडबरोबर वळली.

मी पोहोचले. ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटला उजाडलं, मग त्या कडेनेच उहुरू, म्हणजे सर्वोच्च माथा. डावीकडे हिमनद्यांच्या उरलेल्या भिंती दिसतात. १९१२ पासून इथलं ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलं आहे. पाटीपाशी फोटो काढला. पण तिथेही माझ्या मनात तीच होती.

व्याख्यानांत लोकांना उहुरूचा फोटो हवा असतो, आणि सोबत एक वाक्य: जिद्द असेल तर कॅन्सर हरतो. ते वाक्य मी म्हणत नाही. समोर तिसऱ्या रांगेत आजार उलटलेली बाई बसलेली असते. तिची जिद्द कमी पडली असं मी तिला सांगू? माझी गाठ लवकर सापडली, औषध लागू पडलं, त्या रात्री माझ्या शरीराने उंची सोसली. तिच्या शरीराने नाही. बराफूला परतले तेव्हा ती तंबूबाहेर सूप पीत बसली होती, डोकेदुखी उतरलेली, आणि म्हणाली, “नख दाखव आधी.” आता मी तिच्या परवानगीने व्याख्यानाची सुरुवात तिच्या वळण्यापासून करते.

तुम्हाला उपचारांनंतर जायचं असेल तर आधी ऑन्कोलॉजिस्टशी, म्हणजे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञाशी, बोला. ॲड्रियामायसिन हे केमोचं औषध घेतलं असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराच, त्या औषधाचा परिणाम हृदयावर वर्षांनंतरही दिसू शकतो. हिमोग्लोबिन तपासा. कमी दिवसांचा स्वस्त कार्यक्रम घेऊ नका, शरीराला सवय व्हायला जास्त मुक्काम लागतात. उतरताना मवेकाच्या वाटेवर बोटं बुटात पुढे आपटतात आणि जाणीव कमी असेल तर जखम कळत नाही, म्हणून मुक्कामाला पोहोचताच मोजे काढून पाय नीट बघा. आणि पहिल्याच संध्याकाळी गाईडला सगळं सांगा: कोणत्या हातावर बीपी घ्यायचं नाही, कोणत्या बोटांना कळत नाही, कोणती गोळी चालू आहे.